निळ्यातला लाल

घारूला काळ्या रंगाचे अकरा प्रकार ओळखता यायचे आणि त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटायचं नाही. "तुम्हाला नाही दिसत?" असं तो अगदी खऱ्या आश्चर्याने विचारायचा आणि समोरचा उगाच चिडायचा. डोळे घारे, म्हणून कारखान्यात सगळे त्याला घारू म्हणत. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं.

कापड रंगवण्याच्या त्या कारखान्यात तो लागला तो हमाल म्हणून. कापडाच्या ताक्यांची हातगाडी रंगखात्यात ढकलत न्यायची, रंगून आलेलं ओलं कापड उचलून सुकवायला द्यायचं, एवढंच काम. एकदा गाडी भरता भरता तो स्वतःशीच पुटपुटला, "हे दोन ताके एका हंड्यातले नाहीत." मागून रंगमास्तर चालले होते. ते थांबले. दोन्ही ताके खिडकीशी नेऊन त्यांनी उलटसुलट करून पाहिले, मग कार्डं काढून तपासली. एक ताका सकाळच्या हंड्यातला निघाला, दुसरा दुपारच्या. मास्तर म्हणाले, "उद्यापासून गाडी सोड. माझ्याकडे प्रयोगशाळेत ये."

प्रयोगशाळा हे नाव मोठं, खोली लहान. तीन टेबलं, काचेच्या पेटीतला तराजू, बाटल्यांची फळी आणि उत्तरेकडची एक उंच खिडकी. त्या खिडकीची काच मास्तर रोज सकाळी स्वतःच्या हाताने पुसत. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. रंग पाहायचा तो याच उजेडात. ग्राहकाकडून तळहाताएवढा कापडाचा तुकडा यायचा: असाच रंग हवा. मास्तर कोणता रंग किती घालायचा ते कार्डावर लिहायचे, छोट्या भांड्यात तुकडा रंगवून बघायचे, ग्राहकाच्या तुकड्याशेजारी धरून डोळे बारीक करायचे आणि जमलं की कार्डावर सही ठोकायचे. त्या सहीशिवाय खाली एकही हंडा तापत नसे.

चौदा वर्षं घारू त्या खिडकीशी उभा राहिला. मास्तरांनी त्याला हातचं राखून काही शिकवलं नाही. डबा दोघांचा एकत्र उघडायचा. घारूला मुलगी झाली तेव्हा तिच्या दुपट्यासाठी मास्तर स्वतः भांड्याशी उभे राहिले आणि असा मऊ पिवळा काढला की घारूची बायको म्हणाली, "हे धुवायचं तरी कसं?" घारू मास्तरांना वडिलांच्या जागी मानायचा. हे खोटं नव्हतं. पुढे जे झालं त्यामुळे ते खोटं ठरतं का, हा प्रश्न त्याला स्वतःलाही अजून सुटलेला नाही.

मास्तरांची नजर अधू होतेय हे सगळ्यांत आधी घारूच्या लक्षात आलं. एका दुपारी मास्तरांनी गर्द निळ्या तुकड्याला काळा म्हटलं. घारूने तो उचलून निळ्यांत ठेवला. दोन दिवसांनी मास्तरांनीच दार लावून घेतलं.

"तुला कळलंय ना?"

"काय, मास्तर?"

"सोंग करू नकोस. मोतीबिंदू आहे. सगळं जुन्या काचेतून बघितल्यासारखं पिवळट दिसतं. निळ्यात लाल किती मिसळलाय ते तर मुळीच कळत नाही."

"मग ऑपरेशन करून घ्या की."

"करीन. पण आत्ता बोभाटा झाला तर साहेब मला एक दिवस ठेवणार नाहीत. निवृत्तीला दोनच वर्षं आहेत रे. तेवढं सांभाळून घे. मग ही खुर्ची तुझीच आहे."

मग दोघांनी खुणा ठरवल्या. मास्तर दोन तुकडे घेऊन खिडकीशी उभे राहायचे आणि घारूकडे बघायचे. लाल जास्त असेल तर घारूने कान खाजवायचा, हिरवा जास्त असेल तर नाक चोळायचं. रंग बरोबर असेल तर हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. लहान पोरांच्या खेळासारखं होतं ते, आणि पहिले काही महिने दोघांना त्याची मजाही वाटायची. डोळे घारूचे, सही मास्तरांची. सगळं सुरळीत चाललं होतं.

पण त्या सहीवर घारूचा जीव होता. मास्तरांना काय, कुणालाच त्याने हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. रस्त्याने जाताना एखाद्या बाईच्या अंगावरचं कापड त्याला ओळखू यायचं: हा आपला मोरपंखी, हा मी जमवलेला. मग लगेच आठवायचं की कार्डावर नाव दुसऱ्याचं आहे. घरी जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला तो सही गिरवून बघायचा आणि बायको आली की कागद उलटा करायचा.

बायकोचा मोठा भाऊ एका रंग बनवणाऱ्या कंपनीचा विक्रेता होता. कारखान्या-कारखान्यांतून हिंडायचा, बोलण्यात असा पटाईत की मेलेल्या माणसाकडूनही होकार घेऊन यायचा. एका रविवारी तो जेवायला आला आणि हात धुता धुता सहज म्हणाला, "तुमचे साहेब विचारत होते. खात्यात खरी नजर कुणाची आहे म्हणून."

घारूच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "असं म्हणाले?"

"असंच नाही म्हणाले. पण रोख तोच होता. माझं ऐका, वर्षाच्या आत तुम्ही त्या खुर्चीत बसणार."

"मास्तर अजून दीड वर्ष आहेत."

"तिथेच तर मेख आहे, भावोजी. मास्तर रीतसर निवृत्त झाले तर साहेब बाहेरून पदवीवाला आणणार. तुमच्याकडे कागद काय आहे? हमाल म्हणून लागलात. मास्तर निवृत्त होऊन नाही, चूक करून जायला हवेत. आणि ती चूक निस्तरायला तुम्ही उभे हवेत."

"काहीतरी बोलू नका," घारू म्हणाला.

"मी कुठे काय बोललो?" मेहुणा हसला आणि ताटावर बसला.

मेहुण्याचा यात काय फायदा होता ते घारूला ठाऊक होतं. त्याच्या कंपनीचा निळा रंग मास्तरांनी दोनदा परत पाठवला होता. धुतला की उतरतो म्हणून. ठाऊक असूनही घारूच्या डोक्यातून 'बाहेरून पदवीवाला' जाईना. साहेबांना सरळ विचारावं तर तेवढी हिंमत नव्हती. मास्तरांना विचारावं तर त्यांना काय वाटेल! बायकोला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "दादा बोलतो त्यातलं निम्मं खरं असतं. कुठलं निम्मं ते मला अजून कळलेलं नाही."

मग शाळेच्या गणवेशाच्या कापडाची मोठी ऑर्डर आली. गर्द निळा, नऊशे ताके. बुधवारी सकाळी मास्तर खिडकीशी आले, एका हातात ग्राहकाचा तुकडा, दुसऱ्या हातात आपला. खोलीत तिसरी फक्त तराजूबाई होती. एकोणीस वर्षं ती कार्डाप्रमाणे रंग तोलून द्यायची. तराजू आणि बाई यांच्यात अचूक कोण यावर पैज लागली असती तर लोकांनी बाईच्या बाजूने लावली असती. ती आपल्या पेटीमागे उभी होती.

घारूने लांबूनच पाहिलं. आपल्या निळ्यात लाल होता. थोडा नाही, चांगला डोळ्यांवर येण्याएवढा.

त्याचे हात पाठीमागे होते.

तो शपथेवर सांगतो की हात आधीपासूनच मागे होते. खुणेसाठी बांधले नव्हते. सकाळी गारठा होता, म्हणून बोटं एकमेकांत अडकवली होती. मास्तरांनी वर पाहिलं. आता हात सोडवावा, कानाकडे न्यावा, एवढंच करायचं होतं. घारूला आठवतं ते असं की आपण हात उचलतोच आहोत असं त्याला वाटत होतं. आत्ता उचलू, आत्ता. मास्तरांनी मान हलवली, तुकडे टेबलावर ठेवले आणि सही केली.

सही केल्यावरही सांगता आलं असतं. हंडे तापायला तास लागतो. त्या तासात घारू दोनदा जिन्यापर्यंत गेला. एकदा पाणी पिऊन आला, एकदा नुसताच आला.

नऊशे ताके जांभळट निघाले. ग्राहकाचा माणूस आला, साहेब खाली उतरले, आरडाओरडा झाला. मास्तर मात्र शांत होते. त्यांनी एकदा घारूकडे पाहिलं आणि साहेबांना म्हणाले, "चूक माझी आहे. डोळे गेलेत माझे. मी लपवलं." खुणांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. घारूने तीन दिवस हंड्यांपाशी उभं राहून लाल मारणारा रंग चढवला, कापड पुन्हा निळ्यावर आणलं आणि ऑर्डर वाचवली. साहेबांनी सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली.

जायच्या दिवशी मास्तर त्याच्याजवळ आले. "त्या बुधवारी तुला बरं नव्हतं का रे?"

"हो," घारू म्हणाला. "अंगात कणकण होती."

"मला वाटलंच," मास्तर म्हणाले आणि गेले. त्यांना खरंच तसं वाटलं होतं, की ते त्याला पळवाट देत होते? घारूने या वाक्याचा कीस पाडला. वर्षभर पाडला.

खुर्ची मिळाली. पहिल्या कार्डावर त्याने केलेली सही वर्तमानपत्राच्या कडेवरच्या एकाही सहीसारखी आली नाही. महिन्याभरात मेहुणा निळ्या रंगाचे डबे घेऊन हजर. "आता तुमच्याच हातात आहे," तो म्हणाला. घारूने तुकडा धुऊन पाहिला. रंग उतरत होता, पण फार नाही. फार म्हणजे किती? मास्तरांनी एका नजरेत परत पाठवला असता. घारू तुकडा घेऊन बराच वेळ बसला आणि सही केली. नकार दिला असता तर त्या रविवारचं बोलणं मेहुणा कुठे बोलेल, याचा नेम नव्हता.

काही महिन्यांनी डब्यांमधला माल आणखी हलका येऊ लागला. कार्डावर तीनशे दहा ग्रॅम लिहिलेले, बाईने तीनशे दहा तोललेले, तरी दवाखान्याच्या पडद्यांचं कापड फिकट निघालं. तराजूबाई धुतलेला तुकडा घेऊन त्याच्या टेबलाशी आली.

"मास्तर," ती म्हणाली. आता तो मास्तर होता. "हा रंग बदला. वजन बरोबर आहे, मालच पातळ आहे."

"बघतो."

ती गेली नाही. "एक विचारू? त्या बुधवारी मी तराजूमागे होते. तुमच्या खुणा मला कधीच्याच ठाऊक होत्या. तुमचे हात मागे होते."

"मग?"

"मग काही नाही. विचारतेय. तुम्हाला लाल दिसला नव्हता का?"

घारूला 'दिसला नव्हता' म्हणता येईना, कारण सगळा कारखाना त्याच्या डोळ्यांची खात्री देत होता. 'दिसला होता' म्हणणं तर शक्यच नव्हतं. तो म्हणाला, "कामाला लागा."

संध्याकाळी त्याने मेहुण्याला सांगितलं. मेहुण्याने चहाचा कप खाली ठेवला. "बाई तोलते म्हणजे चुकूही शकते. साहेब उद्या विचारणारच, कापड फिकट का? कुणीतरी चुकलं असेलच ना?"

यापुढचं घारू हात मागे होते म्हणून सांगू शकत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने कार्ड घेतलं, पेन घेतलं आणि तीनशे दहातल्या एकाला छोटीशी रेघ दिली. एकाचा नऊ झाला. तीनशे नव्वद. बाईच्या वहीत तीनशे दहा. ऐंशी ग्रॅम कमी तोललं, झालं.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. तराजूबाईने कार्डाकडे पाहिलं, मग घारूकडे. तिने वाद घातला नाही. "हे मी वाचलं तेव्हा तीनशे दहा होतं," एवढंच म्हणाली. साहेबांनी तिला पॅकिंगला पाठवलं. ती पॅकिंगला गेलीच नाही; पिशवी उचलून घरी गेली.

घारूला ज्याची भीती वाटली ती गोष्ट निराळीच. बुधवारनंतर त्याला आठ दिवस जेवण गेलं नव्हतं. या वेळी तो घरी येऊन पोटभर जेवला आणि मग ताटाकडे बघत राहिला, हे आपणच जेवलो का म्हणून.

त्यानंतर कधीतरी डोळ्यांचं सुरू झालं. नेमकं केव्हा ते त्याला सांगता येत नाही. दोन तुकडे शेजारी धरले की ते एकच वाटायचे. पापणी लवली की वेगळे. लाल आहे म्हणावं तर नाहीसा व्हायचा, नाही म्हणावं तर सगळीकडे दिसायचा. एका कार्डाला तो पाच-पाच वेळा खिडकीशी जाऊ लागला. खाली हंडे खोळंबायचे, कामगार कपाळाला हात लावायचे. मोतीबिंदूच असणार, असं मनाशी धरून तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने सगळी यंत्रं फिरवून पाहिली. "या वयात इतके चांगले डोळे मी फार कमी पाहिलेत."

"पण मला दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

घारूने फी ठेवली आणि तो उठला. खरं तर मोतीबिंदू निघाला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

घरी मुलगी चित्र रंगवत होती. तिने दोन खडू पुढे केले. "बाबा, समुद्राला कुठला देऊ?" तो इतका वेळ बघत राहिला की ती कंटाळून म्हणाली, "राहू दे, मी हिरवाच देते." बायको दारात उभी होती. मुलगी आत गेल्यावर ती म्हणाली, "अहो, मास्तरांची चूक खरंच मास्तरांची होती ना?"

"दादाने काही सांगितलं?"

"दादाचं कशाला? मी तुम्हाला विचारतेय."

"मला नाही माहीत," घारू म्हणाला. तिला ते उत्तर खोटं वाटलं. त्याला ते खरंच माहीत नव्हतं.

शेवटी साहेबांनी रंग मोजणारं यंत्र आणलं. कापड खाली ठेवायचं, बटण दाबायचं, पडद्यावर आकडे येतात. ते विकायला आला तो मेहुणाच. त्याने कंपनी बदलली होती. "मनाला लावून घेऊ नका, भावोजी," तो म्हणाला, "काळच तसा आहे." सहीची जागा कार्डावर राहिली, पण आकडे आल्यावर सही शिपायाने केली तरी चालली असती.

त्याच आठवड्यात एका दुपारी घारू मास्तरांच्या घरी गेला. ऑपरेशन होऊन गेलं होतं. मास्तर गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते आणि पान न् पान न्याहाळत होते. "अरे, किती निळं असतं सगळं!" ते म्हणाले. "मी विसरलोच होतो."

घारूने बसण्याआधीच बोलून टाकलं. बुधवार, लाल, हात. एका दमात. सांगून झाल्यावर तो शिव्यांची वाट बघत उभा राहिला.

मास्तरांनी झारी खाली ठेवली. "त्या दिवशी तुझे हात मला दिसलेच नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे दिसले नाहीत. डोळे फारच गेले होते. तू नुसता काळा ठिपका होतास. पुन्हा विचारायची लाज वाटली, म्हणून अंदाजाने सही केली. तू कान खाजवला असतास तरी मी सहीच केली असती."

घारूला हिशेब लागेना. म्हणजे आपण काही केलंच नाही? की केलं, पण ते लागलंच नाही? आणि हंडे तापायच्या त्या तासाचं काय? तेव्हा तर खुणांची गरजच नव्हती, नुसतं तोंड उघडायचं होतं. मास्तर त्याची समजूत घालण्यासाठी हे बोलत होते का, तेही त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. इतकं मात्र कळलं की ज्या गुन्ह्याची माफी मागायला तो आला होता, तो त्याच्या हातातून निसटून गेला होता.

"तराजूबाई चुकली म्हणे," मास्तर म्हणाले. "मला पटलं नाही. ती नाही चुकायची."

"नाही चुकली," घारू म्हणाला. "आकडा मी बदलला."

मास्तरांनी झारी उचलली आणि उरलेल्या कुंड्यांना पाणी घातलं. घारूला ते ना 'बस' म्हणाले, ना 'जा'.

दुसऱ्या दिवशी घारू साहेबांसमोर उभा राहिला आणि एकाचा नऊ कसा केला ते सांगितलं. साहेबांनी दार लावायला सांगितलं. "तुम्ही दमलायत. बाईंचं प्रकरण मिटलंय. ते आता उकरलं तर वरपर्यंत जाईल. आठ दिवस रजा घ्या."

"पण मी केलंय ते."

"तुमच्या डोक्यात गोंधळ झालाय," साहेब मायेने म्हणाले. "सगळ्यांनाच दिसतंय ते."

घारूने राजीनामा दिला. तो मात्र त्यांनी लगेच घेतला.

तराजूबाईचं घर त्याने विचारत विचारत शोधलं. दुसरा मजला, दारात धुतलेल्या चपला ओळीने वाळत ठेवलेल्या. तिने त्याला आत घेतलं, पण बस म्हटलं नाही. त्याने सांगितलं. तिने ऐकलं. मग आतून कागद आणि पेन आणलं. "तोंडी नको. लिहून द्या."

त्याने भिंतीला कागद टेकवून लिहिलं. आकडा कसा होता, कसा केला, कुणी सुचवलं, कोणत्या दिवशी. खाली सही केली. तिने एकेक ओळ बोट ठेवून वाचली. "मंगळवार नव्हता. सोमवार होता. खोडून नीट लिहा." त्याने सोमवार लिहिलं. तिने कागदाची चौकोनी घडी केली आणि पर्समध्ये ठेवली.

"याचं काय करणार तुम्ही?"

"ते मी बघेन."

"मला माफ…"

"ते तुम्ही विचारू नका," ती म्हणाली आणि दार उघडून उभी राहिली.

याला आता दोन वर्षं होत आली. घारू एका लाँड्रीच्या काउंटरवर बसतो; कपडे घ्यायचे, चिठ्ठी लावायची. बायकोने भावाशी बोलणं टाकलंय. नवऱ्याशी ती बोलते, पण जपून, आजारी माणसाशी बोलावं तसं. कारखान्यात काय झालं, बाईने तो कागद कुणाला दाखवला का, यातलं त्याला काहीही कळलेलं नाही. एकदा वाटलं की तिने फाडून टाकला असेल. एकदा वाटलं, तिला आपल्याला असंच टांगणीला ठेवायचं असेल. मग वाटलं, तिच्या डोक्यात आपण असू तरी कशावरून?

दुकानाचं दार वाजलं की कुणी तो कागद घेऊन आलं का म्हणून तो दचकून मान वर करतो. येणारा माणूस कपड्यांचं बोचकं काउंटरवर ठेवतो. घारू त्याच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघतो, आणि मग कपडे मोजायला घेतो.